औषधांच्या साखळीतील कच्चे दुवे

(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी औषधांच्या पुरवठ्यासारखा रुक्ष विषय व्याख्यानासाठी का निवडावा, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु औषधांचा घाऊक व किरकोळ व्यापार, धर्मादाय दवाखाने, गरजू रुग्णांना औषधांचे साहाय्य ही क्षेत्रे या समाजाला परकी नाहीत. शिवाय २०२१ च्या एप्रिल महिन्याची आठवण अद्याप कोणाच्याही मनातून पुसली गेलेली नाही. रेमडेसिवीरच्या एका कुपीसाठी पुणे-नागपूरसारख्या शहरांत औषधविक्रेत्यांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. हातात पैसे होते, डॉक्टरांची चिठ्ठी होती, औषध मात्र नव्हते. ‘जगाचे औषधालय’ असे बिरुद मिरवणाऱ्या देशात हे घडले. त्यानंतर अनेक समित्या बसल्या, योजना जाहीर झाल्या, कारखान्यांची उद्घाटने झाली. तरीही औषधपुरवठ्याची साखळी जितकी भक्कम व्हावयास हवी होती तितकी ती झालेली नाही. ती का होत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विषय मोठा आहे. म्हणून एकाच औषधाच्या कुळाचा मागोवा घेणे सोयीचे ठरेल. ते औषध म्हणजे पेनिसिलीन.

घसा दुखणे, कान फुटणे, छातीत कफ होणे अशा तक्रारींवर डॉक्टर नेहमी देतात ती अ‍ॅमॉक्सिसिलीनची कॅप्सूल सर्वांच्या परिचयाची आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या त्या पाकिटावर हिमाचल प्रदेशातील बद्दी किंवा अशाच एखाद्या औद्योगिक वसाहतीचा पत्ता छापलेला असतो. वाचणाऱ्याची समजूत होते की औषध तेथेच जन्माला आले. वस्तुतः तेथे होते ते औषधाचे मिश्रण करणे, कॅप्सूल भरणे आणि पाकिटबंद करणे. कॅप्सूलमधील जे मूळ औषधी द्रव्य, ज्याला व्यापारात ‘बल्क ड्रग’ म्हणतात, ते दुसरीकडे तयार होते. ते द्रव्य सिक्स-एपीए नावाच्या पदार्थापासून बनते, आणि सिक्स-एपीए बनते पेनिसिलीन-जी पासून. पेनिसिलीन-जी मात्र बुरशीच देते. मोठमोठ्या बंद टाक्यांत साखरेच्या द्रावणावर ही बुरशी वाढवावी लागते. टाकीत सतत निर्जंतुक हवा सोडावी लागते, तापमान राखावे लागते, द्रावण ढवळत ठेवावे लागते. वीज काही काळ गेली किंवा बाहेरचा एखादा जंतू आत शिरला, तर संपूर्ण घाण वाया जाते. दह्याला विरजण लावण्यासारखेच हे काम आहे, परंतु लाखो लिटरच्या प्रमाणावर, आणि रात्रंदिवस.

ही पहिली पायरी, म्हणजे बुरशीची पायरी, भारतात जवळजवळ बंद पडली होती. ती चीनमध्ये गेली होती.

हे नेहमीच असे नव्हते. या संदर्भात महाराष्ट्राने विसरू नये असे एक पान इतिहासात आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिब सिंग सोखी यांनी पेनिसिलीन स्वदेशात आणि सार्वजनिक क्षेत्रात तयार व्हावे, याचा हिरिरीने पुरस्कार केला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. हा आजार बरा करणारे औषध आयातीवर आणि दुसऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असू नये, ही त्यामागची दृष्टी होती. पिंपरीच्याच मातीतील सूक्ष्मजीवापासून तेथील शास्त्रज्ञांनी हॅमायसिन नावाचे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले, आणि त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे, हे आज कितीजणांना ठाऊक असेल? पुढे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आयडीपीएल या दुसऱ्या सरकारी कंपनीने ऋषिकेश येथे सोव्हिएत साहाय्याने प्रतिजैविकांचा कारखाना उभारला. खाजगी क्षेत्रातही टाक्या उभ्या राहिल्या. १९९० च्या सुमारास पेनिसिलीनच्या बाबतीत देश आपल्या पायावर उभा होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

मग काय झाले? कोणी कट केला नाही, की युद्धही झाले नाही. १९९१ नंतर आयातीवरील बंधने सैल होत गेली. चीनने इनर मंगोलिया, शिंजियांग यांसारख्या प्रदेशांत, जेथे कोळशाची वीज स्वस्त आणि मका विपुल, तेथे प्रचंड क्षमतेच्या टाक्या उभारल्या. २००१ साली तो देश जागतिक व्यापार संघटनेत सामील झाला. तेथून येणारे पेनिसिलीन-जी इतके स्वस्त पडू लागले की भारतातील टाक्या एकामागून एक थंडावल्या. पिंपरीचा कारखाना १९९७ मध्ये आजारी उद्योग म्हणून नोंदला गेला. गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या उद्योजकांचे मात्र यात काहीच बिघडले नाही. कच्चा माल स्वस्त झाल्याने त्यांचे औषध आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंत विकले जाऊ लागले. रुग्णालाही औषध स्वस्त मिळाले. प्रत्येकाने आपापल्या जागी हिशेब बरोबरच केला होता. त्या सर्व बरोबर हिशेबांची बेरीज मात्र अशी झाली की २०१८-१९ मध्ये भारताच्या बल्क ड्रग आयातीपैकी मूल्याने सुमारे दोन तृतीयांश एकट्या चीनमधून येत होती, आणि काही प्रतिजैविकांच्या मूळ द्रव्यांबाबत तर हे अवलंबित्व जवळपास संपूर्ण होते.

धोक्याची सूचना अगोदर मिळाली नव्हती असे नाही. डॉ. व्ही. एम. कटोच यांच्या अध्यक्षतेखाली २०१३ मध्ये नेमलेल्या समितीने या विषयावर २०१५ मध्ये अहवाल दिला. केंद्र शासनाने २०१५ हे वर्ष बल्क ड्रगचे वर्ष म्हणून जाहीरही केले. २०१७-१८ मध्ये चीनने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर कारवाई केली तेव्हा येथील कच्च्या मालाचे भाव भडकले. तोही इशाराच होता. भाव पुन्हा खाली आले आणि इशारा विसरला गेला.

२३ जानेवारी २०२० रोजी वुहान शहर बंद झाले, आणि ३ मार्च २०२० रोजी भारत शासनाने पॅरासिटॅमॉलसह २६ द्रव्ये व औषधे यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. बहुतेक निर्बंध महिनाभरातच, ६ एप्रिलला, उठवण्यात आले. परंतु त्या काही आठवड्यांत एक गोष्ट उघड झाली. भारताच्या औषधांवर विसंबलेले देश भारताकडे पाहत होते आणि भारत चीनच्या बंदरांकडे पाहत होता. पुढील वर्षी हीच गोष्ट लसीच्या बाबतीत दिसली. पुण्यात लस तयार होत होती. परंतु ती बनवण्यासाठी लागणाऱ्या विशिष्ट पिशव्या, गाळण्या व पोषक द्रव्ये यांतील काही माल अमेरिकेतून यावयाचा होता, आणि त्या देशाने युद्धकालीन कायद्याचा आधार घेऊन आपल्या उत्पादकांना अग्रक्रम दिला होता. एप्रिल २०२१ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या प्रमुखांना ते निर्बंध उठवण्यासाठी अमेरिकेच्या अध्यक्षांना जाहीर विनंती करावी लागली.

यानंतर जे घडले ते स्वागतार्हच होते. मार्च २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बल्क ड्रगच्या स्वदेशी उत्पादनासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तीत ४१ द्रव्ये निवडण्यात आली. गुजरात, हिमाचल प्रदेश व आंध्र प्रदेश या तीन राज्यांत बल्क ड्रग पार्क उभारण्यासाठी ३,००० कोटींची आणखी एक योजना आली. आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील पेनिसिलीन-जी च्या कारखान्याचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. वर्षाला १५,००० टन एवढी त्याची क्षमता आहे. सुमारे तीन दशकांनंतर भारतात पुन्हा मोठ्या प्रमाणावर पेनिसिलीनच्या टाक्या सुरू झाल्या.

येथे गोष्ट संपावयास हवी होती. पण काकीनाडा सुरू झाल्यावर चीनच्या मालाचा भाव खाली आला. दीर्घकाळ बाजारपेठ ताब्यात असणाऱ्याने नव्या प्रतिस्पर्ध्याच्या आगमनानंतर किंमत उतरवणे ही व्यापारातील जुनीच रीत आहे. भुसार बाजारातील माणसाला ती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. स्वदेशी उत्पादकाने मग मागणी केली की आयातीला किमान किंमत ठरवून द्यावी, म्हणजे त्या किमतीखाली परदेशी माल देशात येऊ नये. त्याला विरोध कोणी केला? चीनने नव्हे. अ‍ॅमॉक्सिसिलीनच्या कॅप्सूल बनवणाऱ्या आपल्याच लहान व मध्यम कारखानदारांनी २०२५ मध्ये त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणेही खोटे नाही. त्यांच्या विक्रीची कमाल किंमत शासनाने बांधून दिलेली आहे आणि शासकीय निविदेत सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच काम मिळते. कच्चा माल महागला तर तो भार टाकावयाचा कोणावर?

औषधांची साखळी भक्कम होण्यातील सर्वांत मोठा अडथळा हाच आहे. तंत्रज्ञान भारताजवळ होते, पिंपरीने ते १९५० च्या दशकातच सिद्ध केले होते. भांडवलही उभे राहू शकते. परंतु स्वदेशी मालासाठी किलोमागे जो थोडा अधिक दर पडतो, तो द्यावयाचा कोणी, याचे उत्तर कोणीच दिलेले नाही. कारखानदार म्हणतो शासनाने द्यावा. शासन आरंभीची काही वर्षे अनुदान देते. रुग्णालय म्हणते निविदेचा नियम मोडता येत नाही. आणि संकट ओसरले की, दोन रुपये वाचवणारा माणूस पुन्हा हुशार ठरतो.

युरोपातही याहून वेगळे घडलेले नाही. ऑस्ट्रियातील कुंडल या गावी पेनिसिलीनचा जुना कारखाना आहे. तो बंद पडू नये म्हणून २०२० मध्ये तेथील सरकारने पाच कोटी युरो देऊ केले, कंपनीने त्यात स्वतःचे दहा कोटी घातले. एवढे करूनही २०२२-२३ च्या हिवाळ्यात युरोपातील अनेक देशांत मुलांना देण्याचे अ‍ॅमॉक्सिसिलीन मिळेनासे झाले होते. श्रीमंत देशांनाही हा प्रश्न सुटलेला नाही, यात समाधान मानण्यासारखे काही नाही. परंतु केवळ पैशाने तो सुटत नाही, एवढे यावरून कळते.

किमतीच्या या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक करुण आहे. घशाच्या एका साध्या जंतुसंसर्गानंतर काही मुलांना सांधेदुखीचा ताप येतो. तो हृदयाच्या झडपांना इजा करतो. अशा मुलाला पुन्हा तो ताप येऊ नये म्हणून दर तीन किंवा चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते, आणि तेही अनेक वर्षे, पुष्कळदा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत किंवा त्याहूनही पुढे. इंजेक्शन चुकले तर झडप आणखी खराब होते, आणि मग शस्त्रक्रियेचा खर्च लाखांत जातो. हा रोग मुख्यतः दाटीवाटीच्या घरांत राहणाऱ्या गरिबांच्या मुलांचा. औषध अत्यंत जुने, अत्यंत स्वस्त, आणि नेमके म्हणूनच ते बनवण्यात कोणाला रस उरलेला नाही. जगात त्याचे मूळ द्रव्य बनवणारे मोजकेच कारखाने राहिले, आणि गेल्या दशकात कित्येक देशांत त्याची टंचाई झाली. भारतात औषधांची कमाल किंमत ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाला अखेर हे मान्य करावे लागले की अति स्वस्ताईने औषध बाजारातून नाहीसे होते. डिसेंबर २०१९ मध्ये त्याने २१ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा काही जुन्या औषधांच्या किमती तितक्याच वाढवाव्या लागल्या. त्या यादीत बेंझिल पेनिसिलीनचे इंजेक्शन होते, स्ट्रेप्टोमायसिन होते, अ‍ॅट्रोपिन होते. किंमत वाढली की वर्तमानपत्रांत टीका होते, आणि ती होणे रास्तही आहे. परंतु दुकानात नसलेले औषध किती स्वस्त होते याला त्या मुलाच्या आईच्या लेखी काय अर्थ आहे?

दुसरा अडथळा अज्ञानाचा आहे. अज्ञान म्हणजे अडाणीपणा नव्हे. साखळी कोठून कोठे जाते हे प्रत्यक्ष त्या साखळीत असणाऱ्यांनाही ठाऊक नसते. २०१९ मध्ये जपानमध्ये सेफाझोलिन या प्रतिजैविकाची तीव्र टंचाई झाली. शस्त्रक्रियेपूर्वी देण्याचे हे अगदी नेहमीचे औषध. इटलीतून येणाऱ्या मूळ द्रव्यात दोष आढळला, आणि त्याच सुमारास चीनमधील एका कच्च्या द्रव्याचा पुरवठाही थांबला. जपानमधील रुग्णालये एका जपानी कंपनीकडून औषध घेत होती. त्यामागे इटली आहे आणि इटलीमागे चीन आहे, याचा विचार करण्याचे कारण त्यांना कधी पडले नव्हते. भारतातही दोन निरनिराळ्या कंपन्यांची दोन पाकिटे घेतली म्हणजे दोन आधार झाले असे समजणे चुकीचे ठरू शकते. दोघांचेही मूळ द्रव्य एकाच टाकीतून आलेले असू शकते. शासनाने बल्क ड्रगच्या पिंपावर आणि ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख औषधांच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा केला, ही चांगली सुरुवात आहे. परंतु पाकिटावरील कोडमध्ये औषध कोणी भरले हे कळते. मूळ द्रव्य कोणत्या देशातून आले हे ग्राहकाला त्यातून कळत नाही.

बरे, पुरवठादार बदलावयाचे ठरवले तरी ते एका पत्राने होत नाही. नवे द्रव्य वापरून तयार केलेले औषध उष्णतेत व दमट हवेत महिनोन् महिने ठेवून ते टिकते का, हे तपासावे लागते. निर्यातीच्या औषधासाठी परदेशी नियामकांची मान्यता पुन्हा घ्यावी लागते. हा खर्च स्वस्त औषधाच्या नफ्यातून निघत नाही. म्हणून कारखानदार एकाच पुरवठादाराला धरून राहतो.

संकटकाळी उत्पादन वाढवणे हाही बोलण्याइतका सोपा विषय नाही. रेमडेसिवीरचेच उदाहरण घ्यावे. २०२० मध्ये भारतातील सात कंपन्यांना मूळ अमेरिकन कंपनीने ते बनवण्याचा परवाना दिला होता, आणि त्यांची एकत्रित क्षमता महिन्याला ३८ लाख कुप्यांहून अधिक होती. म्हणजे कागदावर देश सज्ज होता. परंतु २०२१ च्या आरंभी रुग्ण कमी झाले, मागणी घटली, आणि कंपन्यांनी उत्पादन उतरवले. न विकले जाणारे, मुदत असलेले औषध बनवून गोदामात ठेवण्याची जोखीम त्यांनी का घ्यावी? तो माल विकत घेऊन ठेवण्याची हमी कोणी दिलेली नव्हती. मार्च-एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा टाक्या पुन्हा चालू करून कुपी बाहेर पडेपर्यंत काही आठवडे जाणे अपरिहार्य होते. त्या आठवड्यांत काळाबाजार झाला. ११ एप्रिल २०२१ रोजी निर्यातबंदी झाली, नंतर वर्ध्यातील एका कारखान्यालाही हे औषध बनवण्याची परवानगी देण्यात आली. मे महिन्यात म्युकरमायकोसिसने, ज्याला लोक काळी बुरशी म्हणू लागले, डोके वर काढले. महाराष्ट्र व गुजरात या राज्यांना त्याची झळ सर्वाधिक बसली. तेव्हा अ‍ॅम्फोटेरिसिन-बी च्या इंजेक्शनची तीच कथा झाली. त्यासाठी लागणारा विशिष्ट शुद्ध स्निग्ध पदार्थ बनवणारे जगात थोडेच आहेत.

साठा करून ठेवावा, हा यावरील सर्वांना सुचणारा उपाय. तो योग्यच आहे. परंतु औषध म्हणजे धान्य नव्हे. त्याची मुदत असते, त्याला थंड व कोरडी जागा लागते, आणि जुना माल आधी बाहेर काढण्याची शिस्त लागते. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली, काही महिन्यांचा साठा कायम ठेवला आणि खरेदी केलेल्या औषधाची तपासणी झाल्याशिवाय ते रुग्णालयात पाठवावयाचे नाही असा नियम केला. राजस्थानने २०११ मध्ये त्याच धर्तीवर महामंडळ काढले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शासकीय रुग्णालयांची खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. औषधे वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याने तमिळनाडूचा धडा गिरवण्यास एवढा विलंब का लावला, हे एक कोडेच आहे.

गुणवत्तेविषयी थोडे बोलणे अगत्याचे आहे, कारण पुरवठा तुटण्याचे ते एक मोठे आणि दुर्लक्षित कारण आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी अहमदाबादजवळील एका कारखान्याची तपासणी केली, तेव्हा तेथे फाडून टाकलेली कागदपत्रे आढळली. कारखान्याने उत्पादन थांबवले. सिस्प्लॅटिन या कर्करोगावरील औषधाचा अमेरिकेतील जवळपास निम्मा पुरवठा तेथून होत होता. २०२३ मध्ये अमेरिकेत कर्करोगाचे डॉक्टर कोणत्या रुग्णाला औषध द्यावयाचे आणि कोणाला थांबवावयाचे, असा निवाडा करीत होते. शेवटी त्या देशाने चीनमधून सिस्प्लॅटिन आणण्यास परवानगी दिली. एका कारखान्यातील कागद फाडले गेले आणि समुद्रापलीकडे रुग्णाचे उपचार थांबले. आपल्या घराजवळील उदाहरण याहून दारुण आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या एका औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडले. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के होते. मूळ औषध नव्हे, तर ते ज्यात मिसळावयाचे तो पातळ पदार्थ दूषित होता. साखळीतील हा दुवा इतका क्षुल्लक समजला जातो की त्याची तपासणी करण्याचेही कष्ट घेतले गेले नाहीत. औषध कारखान्यांसाठीचे सुधारित नियम २०२४ च्या आरंभी जाहीर झाले. लहान कारखान्यांना त्यासाठी २०२५ अखेरपर्यंत मुदत वाढवून द्यावी लागली, कारण सुधारणेचा खर्च त्यांना पेलत नव्हता. येथेही प्रश्न पुन्हा त्याच दोन रुपयांपाशी येतो.

आणखी एका अडचणीचा उल्लेख टाळता येणार नाही. औषधाचे मूळ द्रव्य बनवणे हा स्वच्छ उद्योग नव्हे. तारापूर, कुरकुंभ, लोटे परशुराम या औद्योगिक वसाहतींच्या परिसरातील गावकऱ्यांना ते सांगावे लागत नाही. हैदराबादजवळील पाटनचेरू येथील सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे स्वीडिश शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिले. अशा पाण्यात वाढणारे जंतू त्या औषधाला जुमानेनासे होतात, आणि मग औषध उपलब्ध असूनही निरुपयोगी ठरते. केंद्र शासनाने जानेवारी २०२० मध्ये सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा प्रसिद्ध केला होता. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम नियमांत त्या मर्यादा वगळण्यात आल्या. उत्पादन मायदेशी आणावयाचे तर त्याची घाणही मायदेशीच येणार, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. चीनचा माल स्वस्त पडत होता त्याचे एक कारण असेही होते की नदीच्या नासाडीची किंमत त्या दरात धरलेली नव्हती. स्वदेशी पेनिसिलीनच्या दरात ती धरावयाची असेल तर दर आणखी वाढेल. नसेल धरावयाची, तर ती कोणत्या गावाने सोसावयाची हे तरी सांगितले पाहिजे.

धर्मादाय दवाखान्यांची खरेदी देशाच्या मानाने अल्प असते. तथापि दरपत्रके मागवताना त्यांच्या विश्वस्तांना काही गोष्टी आजही करता येण्यासारख्या आहेत. पुरवठादाराला मूळ द्रव्य कोणाकडून व कोणत्या देशातून येते हे लेखी विचारता येते. प्रारंभी उत्तर मिळणार नाही. अनेक संस्थांनी विचारले तर मिळू लागेल. रोज लागणाऱ्या दहा-पंधरा औषधांसाठी दोन पुरवठादार ठेवता येतात, आणि ते खरोखर दोन आहेत की एकाच टाकीची दोन नावे, हे पाहता येते. तुकडीनिहाय तपासणी अहवाल मागता येतो. दोन-तीन महिन्यांचा साठा ठेवून मुदत जवळ आलेले औषध शेजारच्या दवाखान्याला वेळीच देता येते. सर्वांत कमी दराऐवजी विश्वासार्ह पुरवठादाराला किंचित अधिक दर दिला, तर तो खर्च हिशेबतपासनिसाला कारणांसह दाखवण्याची तयारी मात्र असावी लागते. शासकीय अधिकाऱ्याला हे स्वातंत्र्य नाही. धर्मादाय संस्थेला ते आहे, आणि ते क्वचितच वापरले जाते.

काकीनाड्याच्या टाक्या आज चालू आहेत. बुरशीपासून बनणाऱ्या द्रव्यांसाठी शासनाचे प्रोत्साहन अनुदान पहिली चार वर्षे २० टक्के, पाचव्या वर्षी १५ टक्के आणि सहाव्या वर्षी ५ टक्के अशा उतरत्या क्रमाने ठेवलेले असून ते २०२८-२९ या आर्थिक वर्षात संपते. त्यानंतर त्या टाक्यांतील माल कोण विकत घेणार आहे, याचा कोणताही दीर्घ मुदतीचा करार रुग्णालयांनी किंवा राज्यांच्या खरेदी मंडळांनी केल्याचे ऐकिवात नाही.